घरच्या हाय-फायला म्युझिक स्ट्रीमर लावायचाय? आधी ॲम्पच्या मागे डोकावून बघा

स्ट्रीमर कुठला घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलट दोन प्रश्न विचारतो, गाणी कुठून ऐकता आणि तुमच्या ॲम्पच्या (म्हणजे ॲम्प्लिफायरच्या) मागे कुठकुठली सॉकेट्स आहेत. ह्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की यादीतले बहुतेक डबे आपोआप गळतात, मग आत कुठली डॅक चिप (डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारी) आहे, बॉक्सवर किती बिट लिहिलेत, यूट्यूबवर कोण काय म्हणालं ह्याला फार अर्थ उरत नाही. लोक नेमकं उलटं करतात, आधी डबा पसंत करतात आणि घरी आणल्यावर कळतं की आपलं रोजचं ॲप त्याच्यावर धड वाजतच नाही.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्ट्रीमर एका बाजूने घरच्या वायफायला किंवा लॅन केबलला जोडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने ॲम्पला. गाणं नेटवरून किंवा घरातल्या हार्डडिस्कवरून तो स्वतः खेचतो आणि ॲम्पला देतो, फोन फक्त रिमोटसारखा. म्हणजे बाबांनी हौसेने घेतलेला डेनन किंवा यामाहाचा जुना ॲम्प, ज्याला कॅसेट डेक आणि सीडी प्लेअर लावायची सोय आहे पण नेट कशाशी खातात ते माहीत नाही, तो ॲम्प आणि ते स्पीकर तसेच ठेवून आजची सगळी गाणी त्याच्यावर ऐकता येतात. चांगले चालू स्थितीतले स्पीकर भंगारात घालून साउंडबार आणणारी माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

मग ब्लूटूथ रिसिव्हर का नको, तो तर खूप स्वस्तात मिळतो, असं विचाराल. आवाजाचा फरक आहे, सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट असतो आणि ब्लूटूथवर गाणं दाबून पाठवायच्या पद्धतींपैकी सोनीचा एलडॅक सगळं नीट जमून आलं तर ९९० पर्यंत जातो, साधा एसबीसी त्याच्या बराच खाली. पण माझ्या मते खरा त्रास आवाजाचा नाहीच, फोनचा आहे. ब्लूटूथवर फोन स्वतः गाणं पाठवत असतो, त्यामुळे कोणाचा कॉल आला की गाणं थांबलं, व्हॉट्सॲपचं टिंग स्पीकरमधून आलं, फोन घेऊन खाली दूध आणायला गेलात की तिसऱ्या पायरीवर गाणं तुटायला लागलं. बाहेरून आलेल्या मित्राला पटकन एक गाणं ऐकवायचंय तेवढ्यापुरतं ब्लूटूथ मस्त, आणि बहुतेक स्ट्रीमरमधे ते असतंच.

आता पहिला प्रश्न, गाणी कुठून येतात. परदेशातले रिव्ह्यू वाचले की टायडल आणि कोबझ ह्या दोन सर्विसेसचं कौतुक पानभर असतं, पण त्या आपल्याकडे अधिकृतपणे मिळत नाहीत, तेव्हा ‘टायडल सपोर्ट’ साठी जास्त पैसे मोजायचे नाहीत. आपल्याकडची माणसं ऐकतात स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जिओसावन, आणि ज्यांच्याकडे सीड्यांचा ढीग आहे ते स्वतःच्या फाइली. ह्या प्रत्येकाची स्ट्रीमरपर्यंत जायची वाट वेगळी आहे आणि सगळी गोम इथेच आहे.

स्पॉटिफायचं सगळ्यात सोपं, त्यांचं स्पॉटिफाय कनेक्ट जवळपास प्रत्येक स्ट्रीमरवर असतं, ॲपमधे डिव्हाइसच्या चिन्हावर टॅप केलं की स्ट्रीमरचं नाव दिसतं, निवडलं की गाणं थेट सर्व्हरवरून स्ट्रीमरवर येतं, मग फोन बंद पडला तरी गाणं चालू. यूट्यूब म्युझिकसाठी मात्र गूगल कास्ट पाहिजे, ज्याला आपण अजून क्रोमकास्टच म्हणतो, आणि ते नसेल तर शेवटी ब्लूटूथ किंवा एअरप्लेवरच (आयफोनवरून वायफायने गाणं पाठवायची ॲपलची सोय) यावं लागतं. कास्टमधेही गाणं स्ट्रीमर स्वतः खेचतो. ॲपल म्युझिकला स्पॉटिफाय कनेक्टसारखी सर्रास मिळणारी सोय नाही, आयफोन असेल तर एअरप्ले, अँड्रॉइडवर ॲपल म्युझिक असेल तर कास्ट. एअरप्लेमधे बहुतेक वेळा आयफोनच गाणं पाठवत असतो, म्हणजे फोन घरात आणि चालू राहायला पाहिजे, पण ते वायफायवरून जातं म्हणून ब्लूटूथपेक्षा कितीतरी बरं. बाकी कुठलंही ॲप असो, ते उघडून त्यात कास्टचं चिन्ह आहे का तेवढं बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि हे गृहीत धरू नका की महागाच्या मॉडेलमधे सगळं असेलच. विम ह्या एकाच कंपनीचं बघा, त्यांच्या सगळ्यात छोट्या मिनीमधे एअरप्ले २ आहे पण कास्ट नाही, प्रो मधे दोन्ही आहेत, आणि २०२४ मधे आलेला अल्ट्रा, ज्याला पुढे स्क्रीन आहे, टीव्हीसाठी एचडीएमआय आहे, टर्नटेबलसाठी (रेकॉर्ड प्लेअरसाठी) फोनो इनपुट आहे, त्याच्यात बाजारात आला तेव्हा एअरप्लेच नव्हतं. घरात सगळ्यांकडे आयफोन असेल तर जास्त पैसे देऊन रोजची गैरसोय विकत घेतल्यासारखं झालं. म्हणून घरात कोणाकडे कुठला फोन आणि कुठलं ॲप आहे ते आधी लिहून काढा, फक्त स्वतःचं नाही, बायकोचं, पोरांचं, आईचं पण, कारण डबा हॉलमधे राहणार आहे आणि वापरणार सगळे.

क्वालिटीबद्दल लोक फार डोकं खातात. स्पॉटिफायचं नेहमीचं वरचं सेटिंग ३२० केबीपीएस, २०२५ पासून त्यांनी लॉसलेसही (काहीही न गाळलेला आवाज) आणलं. ॲपल म्युझिकने २०२१ मधेच जास्त पैसे न घेता लॉसलेस दिलं, अगदी २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत. माणसाच्या कानाला वरची हद्द साधारण २० किलोहर्ट्झ, आणि सीडीचा आवाज, जो सेकंदाला ४४.१ हजार वेळा मोजलेला असतो, ती पूर्ण भागवतो, तेव्हा माझं मत स्पष्ट आहे, सीडीइतकं लॉसलेस मिळालं तर उत्तम, त्याच्या पुढच्या आकड्यांसाठी वेगळा खर्च नको. माणिक वर्मांची जुनी मोनो भावगीतं ३२० वर ऐका नाहीतर लॉसलेसवर ऐका, मूळ रेकॉर्डिंगमधे जे आहे तेच येणार. नेट पॅकवर ऐकत असाल तर एवढं लक्षात ठेवा की ३२० वर तासाला साधारण १४४ एमबी जातात, आणि सीडी दर्जाचा ऑडिओ न दाबता ठेवला तर तासाला ६३५, फ्लॅकमधे (काही न गाळता दाबणारा फाइलचा प्रकार) दाबला की त्याच्या साधारण निम्मा.

बिटरेटपेक्षा मी ज्याच्यासाठी भांडेन ती गोष्ट म्हणजे गॅपलेस, दोन ट्रॅकच्या मधे खंड न पडणं. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी ह्याच्याशिवाय डबा घेऊच नये. मैफलीच्या रेकॉर्डिंगमधे विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्यावर टाकलेलं असतं, पण तानपुरा मधे थांबत नाही. गॅपलेस नसेल तर ट्रॅक बदलताना अर्धा सेकंद तानपुरा कापला जातो, सगळीकडे एकदम शांत, आणि मग परत धाडकन सुरू. किशोरीताईंनी किंवा मन्सूर अण्णांनी अर्धा तास जमवत आणलेलं वातावरण त्या अर्ध्या सेकंदात जातं. फिल्मी गाणी ऐकणाऱ्याला हे वर्षभर कळणार पण नाही, म्हणून रिव्ह्यूमधे ह्याबद्दल एक ओळ असते नाहीतर तीही नसते. आणि हे नुसतं ‘गॅपलेस सपोर्ट’ वाचून ठरवायचं नाही, एकच डबा स्पॉटिफाय कनेक्टवर गॅपलेस असतो आणि कास्टवर किंवा डीएलएनएवर (घरच्या नेटवर्कवरच्या फाइली वाजवायची पद्धत) मधे खंड पाडतो, तुम्ही ज्या वाटेने ऐकता त्याच वाटेने तपासायचं. कसं ते पुढे दुकानाच्या ठिकाणी सांगतो.

स्वतःच्या सीड्या फ्लॅकमधे करून ठेवल्या असतील तर डबा डीएलएनए किंवा नेटवर्क शेअर वाचतो का आणि यूएसबी पेन ड्राइव्ह लागतो का ते बघा. बऱ्याच राउटरला मागे यूएसबी पोर्ट असतो, त्याला हार्डडिस्क लावली की छोटा मीडिया सर्व्हर तयार, वेगळा एनएएस (नेटवर्कवरचा हार्डडिस्कचा डबा) सुरुवातीला नको. फक्त फाइलींची नावं आणि टॅग नीट करा, नाहीतर कलाकाराच्या जागी ‘ट्रॅक ०१’ ची रांग दिसते आणि मग सगळी हौसच जाते. रेडिओवाल्यांसाठी, आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर विविध भारती आणि मुंबईची अस्मिता वाहिनी मिळते, ती एअरप्लेने किंवा ब्लूटूथने लावली तरी छान वाजते.

आता दुसरा प्रश्न, ॲम्पच्या मागची बाजू. टॉर्च घ्या, ॲम्प पुढे ओढा आणि फोटो काढा, दुकानात हाच फोटो कामाला येतो. लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या जोड्या दिसतील, त्यावर सीडी, टेप, ट्यूनर, ऑक्स असं काहीतरी लिहिलेलं असेल, ह्यातल्या कुठल्याही रिकाम्या जोडीत स्ट्रीमर लागतो, सीडी लिहिलंय म्हणून सीडीच लावायला पाहिजे असं नाही. फक्त फोनो लिहिलेल्या जोडीत लावू नका, ती टर्नटेबलची आहे, तिथे सिग्नल कित्येक पटीने वाढवला जातो आणि खालचे सूर मुद्दाम उचलले जातात, आवाज फाटका येईल आणि स्पीकरला धोका वेगळाच.

नवीन ॲम्प असेल तर चौकोनी झडपेचं ऑप्टिकल किंवा एकच आरसीएसारखं कोएक्शियल सॉकेट पण असेल. असेल तर तुमच्या ॲम्पमधेच डॅक आहे, म्हणजे डिजिटलचा ॲनालॉग आवाज करायचं काम तो करणार, मग स्ट्रीमरमधल्या भारी डॅकसाठी पैसे घालायचं काहीच कारण नाही, साधा डबा ऑप्टिकलने जोडा आणि मोकळे व्हा. ॲम्प जुना आणि फक्त आरसीएवाला असेल तर स्ट्रीमरचा डॅक महत्त्वाचा होतो, पण तिथेही आजकालच्या साध्या डॅकची पातळी इतकी चांगली आहे की दोन स्ट्रीमरमधला फरक ऐकू येण्याआधी स्पीकर भिंतीपासून एक फूट पुढे ओढल्याचा फरक ऐकू येतो, आणि तो फुकट आहे. ॲम्पच नसेल, नुसते स्पीकर असतील, तर स्ट्रीमर आणि ॲम्प एकाच डब्यात येतात ते बघा, मुंबईच्या हॉलमधे टीव्हीखाली जेवढी जागा असते त्यात तेच बसतं.

वायफायबद्दल जरा सविस्तर बोलायला पाहिजे कारण मुंबईत बिल्डिंगमधे हा सगळ्यात मोठा घोळ आहे. फोनमधे नेटवर्कची यादी उघडा, वरचे खालचे समोरचे सगळ्यांचे राउटर दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खी विंग त्या तिघांत भांडत असते, त्यामुळे संध्याकाळी सगळे घरी आले की गाणं अडकायला लागतं. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी पण ते भिंतीतून नीट जात नाही, जुन्या चाळीच्या जाड भिंतीतून तर नाहीच. म्हणून माझा आग्रह असा की डब्याला लॅन पोर्ट पाहिजे, आणि राउटर हॉलमधेच असेल तर केबल लावूनच टाका, वायरलेस म्हणून घेतलंय म्हणून वायरलेसच चालवायला पाहिजे असा काही नियम नाही. लॅन पोर्ट नसलेला छोटा डबा घेताना तो ५ गिगाहर्ट्झ पकडतो का ते विचारा.

परळला मावसभावाकडे नवीन स्ट्रीमर लावला तर त्याचा फोन आला, “दादा, लाइट लागलाय, वायफायला कनेक्ट झालाय म्हणतोय, पण स्पॉटिफायमधे दिसतच नाहीये.” गेलो तर हॉलमधे फायबरवाल्याने बसवलेला डबा, त्याचं एक वायफाय, आणि आत बेडरूममधे ह्याने स्वतः घेतलेला राउटर, त्याचं दुसरं वायफाय. स्ट्रीमर हॉलच्या वायफायवर, ह्याचा फोन बेडरूमच्या. नेट दोघांनाही मिळत होतं, पण नेटवर्क दोन वेगळी, मग एकमेकांना दिसणार कसे. आतला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क करत नाही, सगळं एका नेटवर्कवर आणलं, आणि डबा लगेच यादीत आला. तुमचा डबा दिसत नसेल तर कंपनीला शिव्या घालायच्या आधी हे बघा, मग गेस्ट वायफायवर तर नाही ना ते बघा, राउटरमधे एपी आयसोलेशन (उपकरणं एकमेकांना दिसू न देणारं सेटिंग) चालू आहे का बघा, फोनवर व्हीपीएन आहे का बघा, आणि आयफोनवर त्या ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी दिली आहे का ते बघा. ह्यातलंच काहीतरी निघतं.

दुसरी हमखास तक्रार म्हणजे स्पीकरमधून बारीक हम्म्म. ॲम्पला सेट-टॉप बॉक्सपण जोडलेला असेल आणि त्याला केबलवाल्याची गच्चीवरून आलेली वायर असेल, तर आधी ती जाडी केबल काढून बघा. हम्म गेला तर तुम्हाला चोर सापडला, ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन वायरींच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरतेय. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स ॲम्पला ऑप्टिकलने जोडा, काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या तारेतून फक्त उजेड जातो, वीज जात नाही, लूप तुटतो. स्ट्रीमरच्या बाबतीतही तेच, म्हणून ऑप्टिकल आउटपुट असलेला डबा नेहमी बरा.

आता ज्याच्याबद्दल दुकानदार बोलत नाहीत ते, हा डबा किती वर्षं चालणार. ॲम्प तीस वर्षं चालतो, स्ट्रीमर म्हणजे शेवटी एक कॉम्प्युटर आहे आणि कंपनीने अपडेट बंद केले की तो म्हातारा होतो. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स नावाचे स्ट्रीमर २०१२ मधे बंद केले, गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मधे आणला आणि २०१९ च्या सुरुवातीला बंद केला, आणि मार्च २०२५ मधे एक सर्टिफिकेट संपलं म्हणून जगभरातले क्रोमकास्ट ऑडिओ एकदम काही दिवस मुके झाले, नंतर गूगलने दुरुस्त केलं. वायरलेस स्पीकर बनवणाऱ्या सोनॉसने मे २०२४ मधे नवीन ॲप आणलं आणि चांगली चालणारी सिस्टिम लोकांना नकोशी झाली, इतकं की जानेवारी २०२५ मधे त्यांचे सीईओ पायउतार झाले. ह्याच्यातून मी एवढंच घेतो की डबा आणि ॲम्प शक्यतो वेगळे ठेवा, म्हणजे डबा गेला तर फक्त डबा बदलायचा. आणि ज्याच्यात स्पॉटिफाय कनेक्ट, कास्ट, एअरप्ले, डीएलएनए असे अनेक रस्ते आहेत तो घ्या, फक्त स्वतःच्या ॲपवर अडलेला नको. स्क्वीझबॉक्सची गंमत म्हणजे त्याचा सर्व्हर सॉफ्टवेअर ओपन सोर्स होता, लोकांनी तो जिवंत ठेवला, आज तो लिरियन म्युझिक सर्व्हर नावाने चालतो आणि जुने डबे अजून गातायत.

हाताने करायची आवड असेल तर रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर घ्या, त्यावर डॅकचं छोटं बोर्ड बसवा, आणि व्हॉल्युमिओ, मूड किंवा पायकोरप्लेअर ह्यातलं एक सॉफ्टवेअर टाका. सेटिंगमधे दोन संध्याकाळी जातील पण कुठल्या कंपनीच्या मर्जीवर राहायला नको. घरात तुमच्याशिवाय कोणी ते हाताळणार नसेल तर मात्र हा मार्ग नको, तुम्ही ऑफिसात आणि आई गाणं लावायला बसलीये असं होतं.

विकत घेताना ऑनलाइन भाव बघाच, पण एकदा लॅमिंग्टन रोडला किंवा जवळच्या हाय-फायच्या दुकानात जाऊन ॲप हातात घेऊन बघा. शेठना सांगा, “जरा माझ्या फोनवरून लावून बघू द्या”, दुकानाच्या फोनवरून नको. आपल्या ॲपमधे एखादी दोन ट्रॅकमधे तोडलेली मैफल काढा, पहिल्या ट्रॅकच्या शेवटच्या वीस सेकंदांवर जा, आणि डोळे मिटून तानपुऱ्याचा सांधा ऐका. मग दहा गाणी रांगेत लावून मधलं एक काढून बघा, फोन लॉक करून परत उघडा, ॲप डबा लगेच पकडतं का बघा. ज्या ॲपचा पाच मिनिटांत वैताग येतो त्याचा घरी रोज येणार आहे.

बिल जीएसटीचं घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे ना ते बिलावरच लिहून घ्या. परदेशातून कोणी आणून देतंय तर भाव बरा दिसतो, विम प्रो तिकडे आला तेव्हा १४९ डॉलरला होता, पण त्याची वॉरंटी इथे बहुतेक वेळा चालत नाही आणि कुरियरने मागवलात तर वर कस्टम ड्युटी. छोटे डबे यूएसबी-सीच्या ५ व्होल्टवर चालतात, ते एक सोयीचं, अडॅप्टर गेला तर बाजारात मिळतो. आणि समुद्राजवळ राहत असाल तर आरसीएच्या पिना पावसाळ्यात काळपट पडतात, एका बाजूचा आवाज खरखरायला लागला की प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसून गोल फिरवत परत लावा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं.

घरी लावल्यावर गाण्याच्या ॲपमधे जाऊन वायफायवरची क्वालिटी ऑटोमॅटिकवरून सगळ्यात वर न्या आणि डेटा सेव्हर बंद करा. व्हॉल्यूम नॉर्मलायझेशनही बंद करा, सगळी गाणी एका पातळीवर आणायचं ते सेटिंग पार्टीत ठीक आहे, एरवी नको. मग स्ट्रीमरच्या ॲपमधे फिक्स्ड आउटपुट निवडा म्हणजे आवाज फक्त ॲम्पच्या नॉबवरून कमीजास्त होईल, पण पहिल्यांदा लावताना नॉब पूर्ण खाली ठेवून हळूहळू वर न्या. आणि तुमच्याकडे व्हॉल्यूमचा नॉबच नसलेला पॉवर ॲम्प असेल तर फिक्स्डला हातसुद्धा लावू नका, पहिल्याच गाण्याला पूर्ण ताकदीने आवाज जाईल आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग) उडेल.